शिट्टीबाईंची जोडी

मुलं तिला शिट्टीबाई म्हणत, आणि हे तिलाही ठाऊक होतं. शाळेत ती खेळ शिकवायची. पायाला भिंगरी तर जन्मापासूनच होती, पण या उन्हाळ्यात तिने कहर केला. सकाळी मैदानावर मुलांचं शिबिर, आणि तिथून घरी आली की तोच कारभार घरच्यांवर. आज पोहायला, उद्या सायकली, परवा टेकडी. एकदा तर अंगणात तंबू ठोकून सगळ्यांना डासांच्या तोंडी दिलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर खुर्चीत बसून काचा घासणारा माणूस तो, बायकोच्या मागे सायकल रेटून त्याच्या नाकी नऊ आले. पण त्याने ब्र काढला नाही, कारण हे सगळं कुणासाठी चाललंय हे त्याला कळत होतं.

हे चाललं होतं तिच्या वडिलांसाठी. हिवाळ्यात तिची आई गेली आणि तिने बाबांना आपल्याकडे आणलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून एका स्टुलावर त्यांनी जन्म काढला. आणि आता ते म्हणत होते, मी रविवारी माझ्या घरी परत जातो. त्या रिकाम्या घरात, एकटे. ते ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इथे इतकी मजा, इतकी धावपळ असली पाहिजे की जायचं नावच काढू नये, असं तिने मनाशी धरलं. बाबा दोनतीनदा म्हणाले, "जरा बस गं माझ्याजवळ, एक विचारायचंय." दर वेळी तिला काहीतरी आठवायचं. कुणाच्या सायकलची हवा, कुणाचा ओला टॉवेल.

शनिवारी तिने सगळ्यांना तलावावर काढलं. आधी होड्या, मग पलीकडची टेकडी. सुट्टीचा दिवस, त्यामुळे काठावर ही गर्दी. पण गर्दीला ती भीत नसे, कारण तिची एक पद्धत होती. लांब शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीशिवाय कुणी उभं राहायचं नाही. माणसं दिसली नाहीत तरी चालेल, हात दिसले की झालं. नवरा आणि थोरली मुलगी ही एक जोडी, धाकटी आणि आजोबा ही दुसरी. तिची स्वतःची जोडी नव्हती. शिट्टी वाजवणाऱ्याला जोडी कशाला हवी?

होड्या झाल्यावर तिने शिट्टी फुंकली. डोक्यांच्या वर एक जोडी हात आले, पाठोपाठ आइसक्रीमच्या रांगेतून दुसरी. एक हात धाकटीचा, एक सुरकुतलेला. झालं. "चला," म्हणून ती टेकडीच्या वाटेला लागलीसुद्धा. पहिल्या वळणावर तिने मागे पाहिलं, तर नवरा, थोरली आणि आइसक्रीम चाटणारी धाकटी.

"आजोबा कुठे आहेत?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "शिट्टी वाजली तेव्हा ते नव्हतेच. म्हणून मी रांगेतले दुसरे आजोबा धरले."

"दुसरे?"

"जोडीशिवाय उभं राहायचं नाही, तूच सांगितलंस ना? ते चांगले होते. त्यांनी लगेच हात वर केला."

गळ्यातली शिट्टी काढून तिने धाकटीच्या हातात कोंबली, "इथून हलू नका, थोड्या थोड्या वेळाने वाजवत राहा," म्हणाली आणि उतारावरून पळत सुटली. रांगेत बाबा नव्हते. धक्क्यावर नव्हते. पाण्याकडे बघायचा तिला धीर होईना, आणि बघितल्यावाचून राहवेना.

बाबा होड्यांच्या शेडमागे होते. दुरुस्तीला उलट्या घातलेल्या एका होडीवर, चपला काढून, सावलीत बसले होते.

"शिट्टी ऐकली नाही का तुम्ही?" तिला रडू येत होतं आणि रागही.

"ऐकली की."

"मग?"

"दमलो गं मी." त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली. "बस."

ती टेकली. पाय मात्र थांबेना, टाच आपली जमिनीवर आपटतच होती.

"बाबा, उद्या जाऊ नका ना. एकटे काय करणार तिथे?"

"तुझ्या आईची आठवण काढीन. इथे तेवढी उसंत कुठे आहे? पहाट झाली की तू मला हाकायला लागतेस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझं मन रमावं म्हणून करतेस, हे कळतं मला. पण स्वस्थ बसायची भीती मला नाही, तुला वाटते."

खरंच होतं ते. बसलं की दवाखान्याची ती खोली समोर यायची.

एवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली. लांब, धाकटीच्या छातीत मावेल तेवढी. बाबांनी तिचा हात धरला आणि वर केला. शेडमागे त्यांना पाहायला कुणी नव्हतं. हात खाली आला तरी त्यांनी तो सोडला नाही.

"आता सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी मी दवाखान्यातून आंघोळीला घरी आलो आणि तेवढ्यात तुझी आई गेली. तू होतीस जवळ. काही म्हणाली का?"

हेच विचारायचं होतं त्यांना, सगळा उन्हाळा. तिची आपटणारी टाच थांबली.

"म्हणाली, ह्यांचं जेवण झालं का."

बाबांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"झालं म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," ते म्हणाले. "नाहीतर जीव अडकला असता तिचा."

मग ती रडली, जशी हिवाळ्यात रडायला हवी होती. टेकडीवर शिट्टी पुन्हा वाजली, मग पुन्हा, पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही.