पूस नदीवरची सरूआत्या

सरूआत्या गेल्याचं पत्र मला शाळेतच मिळालं. समोर तिसरीचा वर्ग होता. पत्राची घडी केली... आणि मुलींना म्हटलं, "आज पाढे नकोत. आज नदीची गोष्ट सांगते."

महागावच्या अलीकडं, पूस नदीच्या वळणावर आमचं जुनं गाव. दगडी घाट, घाटाखाली भोयांची घरं आणि त्यांच्याही खाली, सखल अंगाला आमची वस्ती. शाळा आणि एसटी दोन्ही पलीकडच्या काठावर. नवरा अधू झाल्यावर सरूबाई भोईण, आम्हा पोरींची सरूआत्या, स्वतःच नदीपार नेणारा डोंगा चालवू लागली होती. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढच्याच पावसाळ्यात बाबांनी मला शाळेत घातलं. पहिल्या दिवशी आम्ही तिघी मुली डोंग्यात बसलो, तोच मागून चढलेले कापडदुकानाचे शेठ म्हणाले, "सरूबाई, या पोरीईले पुढच्या खेपेत आन."

"काहून? त्या आंधी आल्या. डोंगा माहा आहे शेठ. बसाचं तर बसा."

शेठ उतरले. आत्यानं आम्हाला पलीकडं सोडलं, तिथंच बसून सावकाश भाकर खाल्ली, मग पान जमवलं... अलीकडं शेठ छत्री धरून ताटकळत. दुसऱ्या दिवशी मुकाट आमच्या शेजारी येऊन बसले. महिनाभरात तर आमचे चुकलेले पाढे सुधारून देऊ लागले!

पोहायलाही आत्यानंच शिकवलं. सातवी पास झाले आणि यवतमाळला मास्तरिणीच्या ट्रेनिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. नेमका मुलाखतीच्याच पहाटे पुरानं डोंगा वाहून नेला. बाबा खाली बसले. म्हणाले, "राहू दे बाई, पुढच्या वर्षी पाहू."

आत्यानं पाण्यात पाय घालून पाहिलं. "उतरून राह्यलं पानी. तुंब्यावर नेईन पोरीले."

माझे दाखले आणि कोरडं लुगडं तिनं पितळी गुंडीत घातलं, झाकणाला कणीक लिंपली. अर्धा कोस वर चालत जाऊन, वाळल्या भोपळ्यांचे तुंबे बांधून आम्ही पाण्यात शिरलो. मधल्या धारेत मी घाबरून डोळे मिटले.

"डोये उघड! मास्तरीण का डोये मिटून शिकवन पोराईले?"

मला हसू आलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि हसता-ठसकताच काठ हाताला लागला. वर एसटी सुटत होती. तिच्यापुढं हात पसरून, पुरामुळं रात्री त्याच काठावर अडकलेले शेठ ओरडत होते, "थांबवा! आमच्या गावची मास्तरीण येऊन राह्यली!"

मुलाखत ओल्या केसांनी दिली. निवड झाली.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. रडायचं ठरवून गेले होते, पण भोयांच्या बाया तिच्या एकेक गमती सांगून लोळत होत्या. दाराशी तिची बाज तशीच आहे, नदीकडं तोंड करून; म्हातारपणी तिथूनच ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना पाण्याची खबर विचारायची. घाटावरून येणारी प्रत्येक बाई तिथं क्षणभर थांबते, डोक्यावरची घागर सावरते आणि पाण्याची खबर देऊन पुढं जाते. अजूनही. मग जीभ चावते, हसते.

निघताना मीही थांबले. रिकाम्या बाजेला सांगितलं, "आत्या, आज पाणी नितळ आहे वं... तळ दिसून राह्यला."