तीनदा ‘हौदु सर’
लेथच्या तेलाचा वास आला की मला आमच्या बेळगावातल्या कारखान्यातली साहेबांची काचेची केबिन आठवते. मोठे साहेब कानडीच बोलतात. माझं कानडी बाजारापुरतं, म्हणून ते बोलत असताना मी माझं उत्तर मनात कानडीत जुळवत बसायचो आणि मधूनमधून ‘हौदु सर’, म्हणजे ‘होय सर’, म्हणत मान हलवायचो. त्या दिवशीही महिन्याचा रिपोर्ट मनात घोकत मी तीनदा ‘हौदु सर’ म्हणालो. पंखा घरघरत होता, टेबलावरच्या चहावर साय धरली होती. संध्याकाळी सांबरा गावचे आप्पा, ज्यांच्यामुळं माझा लेथवर हात बसला, डबा पिशवीत घालत जवळ आले. “साहेब म्हणालं, उद्यापास्नं येऊ नगा. माझी नजर मंद झाल्या, आनि तूबी व्हय म्हनलास म्हणं. व्हय रं?” त्यांनी हात पुसले, तेलकट चिंधी माझ्या मशीनवर ठेवली आणि गेले. आता मी साहेबांचं शेवटपर्यंत ऐकतो, कळलं नाही तर पुन्हा विचारतो. परवा मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि असं ऐकायला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, आप्पांनी. “कोण आप्पा?” साहेबांनी विचारलं.