ओळख पटल्यास घेऊन जावे

लग्नातला फोटो काढायचा म्हटलं की भिकननाना आधी पुरुषांना मांडवाबाहेर काढत. सासरा असो, थोरला दीर असो, कोणाचीही गय नाही. का, तर त्यांच्यादेखत सुना पदर वर करायच्या नाहीत. "फोटो बायासना शे ना? मग तुम्ही बिडी ओढी या," असं ते तोंडावर सांगत. निम्मे सासरे उठत, निम्मे भांडत. भांडणात हरले, की नाना कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाआडून बायकांना विनवत, "बरं माय, तोंड राहू द्या. हात तरी बाहेर काढा."

धुळ्याला चौथ्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो, मी आणि आई. मी शाळामास्तर, संध्याकाळी त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. किडकिडीत अंग, पांढऱ्या मिशा, औषधांनी काळवंडलेली बोटं आणि स्वभाव खवट. माणूस एकटा. बायको तरुणपणीच गेली, एवढंच गल्लीला ठाऊक होतं.

"हातांचं एवढं काय घेऊन बसलात?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, बाई मरते. मग तिचा माणूस येतो, लग्नातला फोटो पुढे करतो, म्हणतो हिला मोठी करून द्या. काय मोठं करून देऊ? पदर?"

तरुणपणी त्यांनी एकदा वेगळं करून पाहिलं होतं. मेलेल्या बाईच्या बहिणीला समोर बसवून तिचा चेहरा त्या पदरात रंगवून दिला होता. घरातली छोटी मुलगी रोज त्या फोटोला फुलं वाहायची. पुढे ती मावशी पहिल्यांदाच भेटीला आली, आणि आई दारात उभी राहिली असं वाटून पोर जी घाबरली, ती आठवडाभर तापाने फणफणली. तेव्हापासून खोटं तोंड कोणाला लावून द्यायचं नाही, हा नानांचा हट्ट.

स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली असतील. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर पुजतात. ते दिवस धरून नानांनी वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं. जुन्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, धुंडाळून चाळीसेक फोटो मोठे केले होते. सगळ्या पदराआडच्या बाया. काचांवर नावं नव्हती. दारावर पाटी होती, "ओळख पटल्यास घेऊन जावे."

खिळे ठोकायला मी होतो. भर दुपारची वेळ, वरचे पत्रे तडतडत होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. भिंतीभर बायका. एकीलाही तोंड नाही, आणि तरी सगळ्या आपल्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. मी पाठ करून उभा राहिलो, तर पाठीलाही ते जाणवत राहिलं.

पहिल्या दिवशी बाया नुसत्या भिंतीकडेने फिरल्या. मग एकीने एका पाटलीवर बोट ठेवलं आणि बाकीच्यांना हाका मारल्या. दुसरीला वाकडी करंगळी सापडली. जिला काहीच सापडलं नाही, ती, जिला सापडलं तिच्या गळ्यात पडून रडली. नाना कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. कोणालाही त्यांनी पुरावा विचारला नाही.

माझी आई चार वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. चेहरा आईला आठवत नव्हता. आठवायचा तो भाकरीचा तुकडा पुढे करणारा हात, अंगठ्याजवळ विंचू गोंदलेला. दर आखाजीला घागरीपुढे बसून ती म्हणे, "तोंड याद येत नही रे." तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. कोपऱ्यातल्या फोटोशी ती थांबली. हनुवटीपर्यंत पदर, गुडघ्यावर उघडा हात, हातावर विंचू.

"हाऊ मन्ही मायना हात शे," आई हळूच म्हणाली.

नानांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे. "घेऊन जा, अक्का," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर त्याच बाईची दुसरी प्रत होती. ती धरणगावच्या एका बाईने आईची म्हणून नेली. तिसरी अमळनेरच्या म्हातारीने नेली. तो विंचू तर आमच्याकडे निम्म्या बायकांच्या हातावर असतो. मी चिडवायला गेलो, "नाना, एकच बाई किती जणींची आई?"

"मागतील तितक्यांची. तिचं काही अडत नाही," नाना म्हणाले आणि तोंड फिरवून पाटी पुसायला लागले. मला तेव्हा राग आला होता. माझ्या आईची फसवणूक झाली असं वाटलं. पण त्या आखाजीपासून ती चेहऱ्याबद्दल बोलली नाही, आणि मीही त्या बाकीच्या प्रतींचं तिला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी चैत्रात नाना गेले. आखाजीला त्यांची धाकटी बहीण गोदाक्का आवराआवर करायला आली. साठीची बाई. मला म्हणाली, "भाऊ, माले फक्त मन्ही वहिनीना फोटो पाहिजे. मन्हा लगीनमा दादानी काढेल व्हता. तिना सासरा, मन्हा बाप, बठेल व्हता, म्हणून तिनी पदर काढा नही. दादानी सांगं, हात तरी बाहेर काढ." वर्षभरात ती बाळंतपणात गेली. अंगठ्याजवळ, गोदाक्काने आपल्या हातावर दाखवलं, विंचू होता.

आम्ही काच शोधली. सापडली ती मधोमध फुटलेली. मग मी तिला वर आमच्या खोलीत घेऊन आलो. दुसरं काय करणार होतो?

आईने नुकतीच घागर पुजली होती. वर खरबूज ठेवलेलं, मागे भिंतीवर तो फोटो, ताजं कुंकू लावलेला. गोदाक्का दारातच थांबली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलली, "ये माय, बस. हाई मन्ही माय शे."

गोदाक्का कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां, वळखू येस." तिने आईकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला, फोटोतल्या पदरावर, कपाळ असेल त्या जागी एक बोट टेकवलं, आणि नमस्कार करून रिकाम्या हाताने जिना उतरून गेली.