थांबा काकू

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘थांबा काकू’ म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्या ओ देत. क्लबहाउसमागच्या पत्र्याच्या खोलीत सोसायटीचं गवत कापायचं यंत्र असे. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. खोलीची किल्ली काकूंच्या कमरेला होती आणि यंत्राजवळ कुणी पेट्रोलचा कॅन घेऊन गेलं की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक येई, “थांबा!”

त्यांचा संसार पिंपरीत, संत तुकाराम नगरात झाला. पती एका कंपनीत, त्या दुसऱ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये. निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला. पती वारल्यावर त्या एकट्या राहिल्या आणि बागेचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.

माळी गणपत परभणीकडचा, कामाला चपळ. मध्येच पेट्रोल संपलं की तापलेल्या यंत्रातच ओतायची त्याला घाई.

“काकू, इतकुसंच राहिलंय की. ओतू द्या ना.”

“गवत पळून जात नाही, गणपत. इंजिन निवू दे. चहा घे.”

चहा त्याच करून आणत, म्हणजे थांबणं शिक्षेसारखं वाटत नसे. मग यंत्र मोकळ्या जागेत, कॅन जमिनीवर, नरसाळं लावून ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची नाही. दोन्ही झाकणं घट्ट. सांडलेलं पुसायचं. मग यंत्र तिथून लांब ढकलत न्यायचं आणि तिकडे दोरी ओढायची. एकदा गणपतने पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल आणलं, तेव्हा काकू म्हणाल्या, “तहानेनं कुणी तोंडाला लावली तर?” बाटली पुन्हा दिसली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे पाण्याच्या पंपापासून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. गवताच्या यंत्राला झेंडूची माळ काकूच करत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरी साडी नेसून त्या विहारात जात. दोन्ही गोष्टी त्या सारख्याच मनापासून करत.

एका खंडेनवमीला गणपतने नुकतीच टाकी भरली होती. तेवढ्यात चेअरमन आबा पेटलेली निरांजनं आणि कापूर तबकात घेऊन आले, मागे निम्मी सोसायटी. आबा मूळ गावातले. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या घरची. काकू यंत्रापुढे उभ्या राहिल्या.

“थांबा, आबा. आरती पायऱ्यांवरून करा. इथे आत्ताच पेट्रोल भरलंय.”

“बाजूला व्हा, काकू. आमी पिढ्यान्‌पिढ्या नांगर ओवाळलाय. पेटला न्हाई कधी.”

“नांगर पेट्रोल पीत नव्हता, आबा.”

हशा झाला. आबा हसले नाहीत. हशा ओसरताना मागून कुणीतरी म्हणालं, “त्यांच्यात नसतं हे.”

काकूंनी ते ऐकलं. गर्दीकडे पाहिलंही नाही. कमरेची किल्ली काढून आबांच्या तबकात ठेवली आणि जिना चढून गेल्या. आबा तिथेच उभे राहिले. कापूर त्यांच्या हातातल्या तबकात जळून गेला. आरती झाली नाही.

संध्याकाळी आबा मला बरोबर घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी चहा टाकला. कप पुढे ठेवल्यावर त्या बोलल्या.

“आमच्या ह्यांनी घरी निघायच्या घाईत तापलेल्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलं. जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं वळेनात. शेवटपर्यंत शर्टाची बटणं मी लावली. रोज लावताना वाटायचं, त्या दिवशी एक चहा प्यायला असता तर.”

आबांनी किल्ली टेबलावर ठेवली. “ही तुमचीच हाय. आन्‌ ते मागून बोलणं माझं नव्हतं.”

“माहीत आहे. पण तुम्ही गप्प राहिलात.”

आबांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन विसळला. आम्ही निघताना काकूंनी किल्ली उचलून कमरेला लावली.

पुढच्या पावसाळ्यात काकूंचे गुडघे आखडले. जिना उतरणं होईना. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. गाडीत बसण्याआधी त्यांनी किल्ली आबांच्या हातात दिली.

“चहा करता येतो का?”

“शिकतो,” आबा म्हणाले.

ते शिकले. आता गवत कापताना मध्येच यंत्राचा आवाज थांबतो आणि बराच वेळ पुन्हा येत नाही. खाली पाहिलं तर बाकावर आबा आणि गणपत कप घेऊन बसलेले असतात.

काकू नाशिकला गेल्यानंतरच्या खंडेनवमीला माळ आबांनीच ओवली, जरा वेडीवाकडी. टाकी रिकामी आहे ना, हे गणपतला दोनदा विचारलं. तरीही तबक घेऊन ते यंत्राजवळ गेले नाहीत. क्लबहाउसच्या पायऱ्यांवर थांबले आणि तिथूनच ओवाळू लागले.

“एवढ्या लांबून?” नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं.

आबांनी मागे वळून साऱ्या गर्दीकडे पाहिलं.

“आमच्यात असंच असतंय,” ते म्हणाले.