एकसष्टावं पान

छापखान्यात तिला सगळे टायपिंगताई म्हणत. नाव होतं तिला, पण ते हजेरीपुस्तकात; तोंडात कुणाच्या नव्हतं. सव्वीस वर्षं ती एकाच खिडकीशी बसत आली. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. खुर्चीवरची उशी तेवढी तिची स्वतःची. डाव्या हाताला लाकडी स्टँडवर लेखकाचं हस्तलिखित आणि त्यावर आडवी स्टीलची पट्टी. ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. पट्टीच्या खाली काय लिहिलंय ते बघायचं नाही. वाचत बसलं की बोटं अडखळतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यामुळे स्वयंपाकाची, कायद्याची, गुरांच्या आजारांची अशी तीनेकशे पुस्तकं तिच्या हाताखालून गेली आणि त्यातलं एकही तिने वाचलेलं नव्हतं.

नवऱ्याला याची गंमत वाटे. तो वीजकंपनीत मीटर वाचायला जायचा. पुढे मीटरच आपापले आकडे कळवायला लागले आणि त्याला मुदतीआधीच घरी बसवलं. "मी जन्मभर मीटर वाचत फिरलो आणि तू काही न वाचता पुस्तकं काढतेस," तो म्हणे. "देवाने जोडा मात्र बघून जमवला."

त्या वर्षी प्राध्यापकांचं हस्तलिखित आलं. निवृत्त माणूस, विज्ञानाच्या गोष्टी लिहायचा. हिरवी शाई, अक्षर मोत्यासारखं, पानं दोऱ्याने बांधलेली. गोष्ट एका यंत्रमानवाची होती. दवाखान्याच्या धुलाईघरात तो चादरींच्या घड्या घालायचा. एकाच मापाच्या घड्या, दिवसभर. मुकादम त्याला "ए" म्हणायचा. एके दिवशी एक घडी वाकडी पडते आणि ती सरळ करायच्या ऐवजी तो तिच्याकडे बघत उभा राहतो.

बाराव्या पानावर ताईच्या हातून पट्टी सुटली. म्हणजे पडली नाही. तिने ती उचलून बाजूला ठेवली. 'त्याला अक्षरं दिसत, पण ती कुणाशी बोलतायत ते त्याला कळत नसे,' असं वाक्य होतं. तिने ते पुन्हा वाचलं. मग पुढचं वाचलं. जेवणाची सुट्टी झाली, डबा तसाच राहिला, आणि मालक दारात येऊन म्हणाले, "काय ताई, बोटं दुखतायत का? आज खटखट ऐकू येत नाही."

"वाचतेय," ती म्हणाली.

मालकांना ते इतकं नवं होतं की ते दारातूनच परत फिरले.

साठावं पान संपता संपता धुलाईघराचा भोंगा होतो, सगळे जायला निघतात, यंत्रमानव मात्र हातातली चादर खाली ठेवतो आणि तोंड उघडतो. त्यापुढे बासष्टावं पान. त्याची सुरुवात अशी: 'एवढं बोलून तो थांबला आणि मुकादम दोन पावलं मागे सरकला.'

एकसष्टावं पान नव्हतं. तिने गठ्ठा झाडून पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिलं, चहावाल्याच्या ट्रेखालीही पाहिलं. ज्या पानासाठी साठ पानं वाचली तेवढंच नेमकं गायब. मालकांनी फोन लावला. प्राध्यापकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पंधरा दिवस कागदाला हात नाही.

"महिनाअखेर पुस्तक हवंय," मालक म्हणाले. "तुम्ही वाचलंयत ना? मग घाला दोन-चार ओळी. सर उठले की बदलतील."

दिवसाला चाळीस पानं काढणाऱ्या बाईला त्या एका पानाला अख्खी दुपार लागली. शेजारच्या खोलीत छपाईयंत्र धडधडत होतं. तिने चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. पहिल्यांदा यंत्रमानव खूप बोलला, रागावला, मुकादमाला नाही नाही ते म्हणाला. ते तिला खोटं वाटलं. ज्याला कधी कुणी विचारलं नाही त्याला ओरडता कुठून येणार? शेवटी तिने लिहिलं:

'मी एवढ्या चादरींच्या घड्या घातल्या. कुठल्या चादरीवर कोण झोपलं होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. काहींना घामाचा वास होता, काहींना रडण्याचा. मला विचारायचं होतं. पण विचारायचं असतं, हेच मला कुणी सांगितलं नाही. आज एक घडी वाकडी पडली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, ही मी घातली.'

बाकीचं पान तिने असंच भरलं. बासष्टाव्या पानाशी जोड बेमालूम बसली. तपासायच्या प्रतीवर तिने चिठ्ठी डकवली: 'हे पान मिळालं नाही. मी लिहिलंय. कृपया बदलावं.'

प्राध्यापकांकडून प्रत परत आली ती पानोपानी लाल खुणांनी भरलेली. एकसष्टाव्या पानावर एका स्वल्पविरामाचा पूर्णविराम केलेला होता. बाकी काही नाही. चिठ्ठी नव्हती.

म्हणजे त्यांना पटलं, असं तिने धरलं. चार दिवस ती हवेत होती. भेटले की काहीतरी म्हणतील. चारचौघांत नकोच, नुसतं जाता जाता म्हटलं तरी पुरे. देवाला सगळं ठाऊक असतं, यावर तिची श्रद्धा होती. पण देवाखेरीज एका माणसालाही ठाऊक असावं आणि त्याने ते तोंडाने म्हणावं, एवढीच तिची मागणी होती. आयुष्यात दुसरं काही तिने मागितलं असेल तर मला माहीत नाही.

पुस्तक गाजलं. बक्षीस मिळालं. सभागृहात तिसऱ्या रांगेत मालकांच्या शेजारी ती इस्त्रीची साडी नेसून बसली होती. प्राध्यापकांनी वाचायला उघडलं ते एकसष्टावंच पान. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. "हे कुठून सुचलं, असं सगळे विचारतात," ते म्हणाले. "खरं सांगू? दाढी करताना सुचलं. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि मी लिहीत बसलेलो. बायको म्हणाली, निम्मे म्हातारे दिसताय." लोक खूप हसले. मालकही हसले.

कार्यक्रम संपल्यावर सहीसाठी रांग लागली. ताईही लागली. नंबर आल्यावर तिने तेच पान उघडून पुढे केलं.

"सर, हे पान हरवलं होतं."

"असं का? मग सापडलं कुठे?"

"सापडलं नाही. मी लिहिलं. चिठ्ठी लावली होती."

प्राध्यापक हसले. ते वाईट हसले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमाने हसले. "होतं असं, ताई. माझ्या आधीच्या टायपिस्टलाही एका कथेबद्दल असंच वाटायचं. शब्द बोटांतून गेले की आपलेच वाटायला लागतात. तुम्ही जीव ओतून काम करता, त्याचीच ही खूण." आणि त्यांनी पानावर हिरव्या शाईत लिहिलं: 'टायपिंगताईंना, सस्नेह.'

मागच्या माणसाने आपलं पुस्तक पुढे सरकवलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. "पुस्तकावर नाव कुणाचं आहे?" त्याने विचारलं.

"त्यांचं."

"मग कशाला डोक्याला त्रास? मी एका मीटरचा आकडा चुकीचा आहे म्हणून साहेबांशी भांडलो होतो. आकडा माझाच बरोबर होता. काय झालं? पुढच्या महिन्यात दुसरी गल्ली दिली."

तिला मीटरचं ऐकायचं नव्हतं. ती आत जाऊन अंथरूण घालू लागली. चादर पसरताना हात थांबला, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

पाच-सहा आठवड्यांनी प्राध्यापक घरी नेलेला जुना गठ्ठा घेऊन छापखान्यात आले. मोठ्या वाचनालयाला बक्षीसपात्र पुस्तकाचं हस्तलिखित ठेवून घ्यायचं होतं. पानं लावायची, प्रत्येक पानामागे शिक्का मारायचा, यादी टाइप करायची, हे काम ताईचं. प्राध्यापक मालकांच्या खोलीत चहाला बसले आणि तिने गठ्ठा सोडला.

एकसष्टावं पान होतं.

हिरवी शाई, तेच मोत्यासारखं अक्षर. बाकीची पानं कडेने पिवळसर झालेली, हे मात्र पांढरं स्वच्छ. दोऱ्याचं भोकसुद्धा ताजं. आणि पानभर खाडाखोड. 'कुणी कळवलं नाही' असं लिहून खोडलेलं, वर 'सांगितलं नाही'. 'अश्रूंचा' खोडून 'रडण्याचा'. एके ठिकाणी अख्खं वाक्य तिरक्या रेघांनी कापलेलं आणि समासातून बाण काढून तिचं वाक्य आत आणलेलं. सुचायला किती कष्ट पडले ते दिसावं अशी ती खाडाखोड होती. पुस्तक शेजारी उघडं ठेवून, तिचा एकेक शब्द बघून, त्याआधी त्याहून वाईट शब्द कुठला सुचला असता याचा विचार करत ते बसले असतील. इतकं मन लावून तिचं लिहिलेलं कुणी वाचेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

प्राध्यापक चहा संपवून आले. "सगळी पानं आहेत ना?"

"आहेत."

"छान."

"सर, एकसष्टाव्यावर हे खोडलेलं वाक्य काय आहे? लागत नाही."

ते वाकले नाहीत. पानाकडे त्यांनी पाहिलंच नाही, खिडकीबाहेर पाहिलं. "खोडलंय ना? मग राहू द्या." आणि पिशवीतून नवा गठ्ठा काढून त्यांनी स्टँडवर ठेवला. "ही पुढची कादंबरी. तुमच्याच हातून व्हायला हवी. मालकांना तसं सांगितलंय."

ते गेल्यावर तिने यादी केली. 'पाने एक ते एकशे अठ्ठावीस' असं टाइप केलं, शिक्के मारले, दोरा बांधला. आणि मग नवा गठ्ठा उघडला.

अडतिसाव्या पानाच्या शेवटी एका घरात ठेवलेली यंत्रबाई, आई गेलेल्या मुलीच्या दाराशी उभी असते आणि बोलायला लागते. चाळिसाव्या पानावर मुलगी रडत असते. एकोणचाळिसावं पान कोरं होतं. हरवलेलं नव्हतं. कोपऱ्यात हिरव्या शाईत आकडा घातलेला, खाली पांढरा कागद.

तिची बोटं कळफलकावर आपोआप गेली. वाक्य आलंच. यंत्रबाई मुलीला काय म्हणेल, ते तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आलं. ते चांगलं होतं, चादरींपेक्षाही चांगलं. तिने हात मांडीवर घेतले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग एकोणचाळीस हा आकडा टाइप केला आणि पुढचं पान घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालक प्रत घेऊन आले. "ताई, हे कोरं राहिलंय."

"सरांनी कोरंच दिलंय."

मालक दार लोटून जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, समजून घ्या ना. सर म्हणाले, ताई सांभाळून घेतात. मागच्या वेळी घेतलंत तसं."

म्हणजे ते पान जसंच्या तसं तिचंच राहिलं, हे यांनाही ठाऊक होतं. सभागृहात टाळ्या वाजवताना ठाऊक होतं. एका माणसाला कळावं एवढंच तिला हवं होतं, ते दोन माणसांना कळलं होतं. आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

"मला नाही येत लिहिता," ती म्हणाली. "मी टाइप करते."

"मागचं पान तुम्हीच..."

"ते सरांना दाढी करताना सुचलं. मी समोर होते ऐकायला. तुम्हीही होतात."

मालकांनी कान खाजवला आणि ते प्रत घेऊन गेले. पुढे प्राध्यापकांनी ते पान स्वतः लिहून पाठवलं. तिने पट्टी लावली आणि ओळीमागून ओळ टाइप केली. वाचलं नाही.

तिला आलेलं वाक्य मात्र गेलं नाही. भांडी घासताना, भाजीच्या रांगेत, प्रार्थनेला डोळे मिटले तरीसुद्धा ते यायचं, आणि दर वेळी थोडं अधिक नीट होऊन यायचं. कागदावर उतरवलं तर ते कुणाचं होईल, याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिने ते कुठेच लिहिलं नाही.