गायरानातलं विमान

उसावर औषध फवारायला कारखान्यानं छोटं विमान आणलं आणि आमच्या गायरानातल्या खुरट्या गवताचीच धावपट्टी करून ते तिथून उडू लागलं. चौथ्या दिवशी चेअरमन बघायला येणार होते. त्यांच्या अंगावर धुरळा नको, म्हणून आदल्या दिवशी मी आमच्या पाळीचं पाटाचं सगळं पाणी त्या गवतावर सोडलं. मोठा माणूस येणार म्हटलं की आम्ही सडा घालणारच! अक्कल गहाण टाकली होती मी.

सकाळी जमीन वरून सुकलेली दिसत होती. औषधानं भरलेलं विमान धावलं, मध्येच त्याची चाकं रुतली, नाक मातीत घुसलं आणि ते उलटं आपटलं. पंख्याचं पातं तुटून बाभळीत रुतलं. टाकी फुटली. पायलट पट्ट्यांत उलटा लटकत, औषधानं निथळत, गुरासारखा ओरडत होता. आम्ही कोयत्यानं पट्टे कापून त्याला बाहेर ओढलं.

"डोळे जळतायत त्याचे! पाणी आण!" विमानासोबत आलेल्या मेकॅनिकनं माझी गचांडी धरून मला ढकललं.

घागर घेऊन मी पाटाकडे पळालो. पाट कोरडा ठणठणीत. शेवटचा थेंबसुद्धा मी त्या गवताला पाजला होता.