निळं वेष्टन

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ऑरिन टटल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग घेऊन बसला होता. समोर बोस्टनच्या एका मासिकाचा जून १७९१चा अंक. शिवण शाबूत, वर निळ्या कागदाचं वेष्टन.

ऑरिन एकाहत्तरचा. चाळीस वर्षं त्याने वेस्ट पेल्टन गावातली घरं उबदार ठेवणाऱ्या, तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त केल्या. पहिले जुने अंक त्याला लोकांच्या तळघरांतच सापडले. आता असे दोनशे बारा आहेत, बहुतेक बांधीव. त्या काळी वर्गणीदार वर्षाचे अंक एकत्र बांधून घेत आणि बांधणारा वेष्टनं फाडून टाकी. हा न बांधलेला अंक शनिवारी व्हरमाँटच्या लिलावात, पंचांगांच्या खोक्यात मिळाला.

याच मासिकात ‘ओढ्याकाठून’ या टोपणनावाने आठ कविता आल्या होत्या. खाली वेस्ट पेल्टनचं नाव. गावचे त्या वेळचे पाद्री एफ्रम वॉडलो यांचं घर ओढ्याला लागून होतं आणि कविता देवाधर्माच्या होत्या. एवढ्यावरून ऑरिनने एकोणीस वर्षांपूर्वी त्या वॉडलोंच्या ठरवल्या. गावच्या संग्रहालयात तशी पाटी लागली. चर्चने दगडी फलक बसवला.

वेष्टनाच्या आतल्या बाजूला संपादक लेखकांना उत्तरं देत असे. तिथे बारीक टाइपात होतं: ‘ओढ्याकाठून’ यांस – बाईसाहेब, कविता पोचल्या. आपल्या यजमानांच्या निधनाचं कळून वाईट वाटलं.

“चेहरा का असा? बनावट निघाला की काय अंक?” कॉफी ओतताना बायकोने, लोइसने विचारलं.

“अंक अस्सल आहे. घोळ माझा आहे.”

तिने वाचलं आणि ती हसत सुटली. “एकोणीस वर्षं पाद्रीबाबांना कवी केलंस, आता विधवा कर!”

“हसू नकोस. चर्चचा फलक आहे तिकडे.”

“हे पान अजून कोणी पाहिलंय?”

“तू आणि मी.”

“मग खणात ठेव. कोण विचारायला येतंय?”

ऑरिनने भिंग खाली ठेवलं. “वेष्टनं फेकणाऱ्यांना जन्मभर शिव्या घातल्या मी, लोइस. आता मीच हे खणात दडवू?”

“बरं बाबा. संग्रहालयाची नवी पाटी मलाच टाइप करायची आहे. नाव काय घालू?”

“माहीत नाही.”

“त्या वर्षी गावात विधवा तरी किती झाल्या असतील? शोध की.”

“शोधेन. पण सापडेपर्यंत कोणाला चिकटवायचं नाही. एकदा केलं तेवढं पुरे.”

आठ वाजता त्याने चर्चच्या पाद्रीबाई मार्गो हेल यांना फोन लावला.

“अहो ऑरिन, ते दगडात कोरलंय,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच आधी तुम्हाला फोन केला.”

मग त्या म्हणाल्या, रविवारी प्रार्थनेनंतर तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. तो हो म्हणाला.

दुपारपर्यंत लोइसने पाटी टाइप केली: ‘कवयित्री, वेस्ट पेल्टन. नाव अज्ञात.’

संग्रहालय गुरुवारी साडेनऊला उघडतं. उद्या पहिला गट चौथीच्या बावीस मुलांचा आहे आणि माहिती नेहमीप्रमाणे ऑरिनच सांगणार आहे.